मुलीला पहिल्या चित्रपटाचं दिग्दर्शन मिळतंय, मानधन किती मागावं?

अंबडचा_फिटर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये अंबडच्या एका कंपनीत ३१ वर्षं फिटर होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सिनेमाच्या धंद्यातलं मला काही कळत नाही. इथे त्या क्षेत्रातले बरेच जण लिहितात, म्हणून हा धागा काढतोय.

माझी मुलगी २९ वर्षांची आहे. पुण्यात कोर्स केला, मग सहा वर्षं मुंबईत असिस्टंट डायरेक्टर म्हणून काम केलं. गेल्या वर्षी ती घरी परत आली आणि १४ महिने खोलीत बसून स्वतःची पटकथा लिहिली. अंजनेरीच्या पायथ्याच्या एका गावातली गोष्ट आहे. आता नाशिकच्याच एका निर्मात्याला ती आवडलीय. गृहस्थ बांधकाम व्यवसायातले आहेत, घरी येऊन गेले, माणूस सज्जन वाटला. चित्रपटाचं बजेट दीड कोटी सांगतात.

त्यांनी दिलेल्या करारात असं आहे: कथा, पटकथा, संवाद आणि दिग्दर्शन मिळून एकरकमी ४ लाख. सही करताना २५ हजार, शूटिंगच्या पहिल्या दिवशी ७५ हजार, शूटिंग संपल्यावर १ लाख, चित्रपट प्रदर्शित झाल्यावर २ लाख.

मुलगी म्हणते, "बाबा, पहिला पिक्चर आहे, पैशाचं बघू नका, सही करते." तिची आई म्हणते, एवढी वर्षं शिकली त्याचं हेच का? मला दोघींचंही पटतं. दिग्दर्शकाला खरं किती मिळतं आणि ते कशावर ठरतं, कोणी नीट सांगेल का? पुढच्या शुक्रवारी सही आहे.

कॉलेजरोडकर

काका, अभिनंदन! सही करून टाका. सैराटने २०१६ साली शंभर कोटींच्या वर धंदा केला. पिक्चर चालला तर चार लाखांचं नाव कोण काढतंय? दिग्दर्शक एका रात्रीत मोठा होतो.

क्लॅप_ते_फर्स्ट

काका, मी नऊ वर्षं मुंबईत एडी, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर होतो, क्लॅप देण्यापासून सुरुवात करून फर्स्ट एडीपर्यंत आलो. आता नाशिकलाच जाहिराती आणि लग्नाच्या फिल्म करतो. कॉलेजरोडकरांचा उत्साह समजू शकतो, पण सहीची घाई करू नका. तुम्ही कारखान्यातले आहात, म्हणून आधी तासांचा हिशोब मांडू.

तुमच्या मुलीने १४ महिने लिहिलंय, ते झालं. आता पुढचं बघा. रेकी (शूटिंगच्या जागा बघणं), कास्टिंग, कलाकारांसोबत वाचन, कपडे, सेट, शेड्यूल बांधणं हे सगळं नीट करायचं तर तीन महिने लागतात. शूटिंग धरा एक महिना. दीड कोटीत त्यापेक्षा जास्त दिवस परवडणार नाहीत. एडिट तीन महिने. पहिला कट लागतो तेव्हा चित्रपट अडीच तासांचा असतो आणि तो दोन तासांवर आणताना दिग्दर्शक रोज संकलकाच्या शेजारी बसलेला असतो. मग डबिंग, फोली (पावलं, दारं असे आवाज नंतर भरणं), पार्श्वसंगीत, मिक्सिंग, डीआय (रंगांची अंतिम दुरुस्ती), त्याचे आणखी तीन महिने. सेन्सॉर आणि प्रमोशनला दीड-दोन महिने.

बेरीज केली तर सव्वीस महिन्यांच्या आसपास जाते. चार लाख भागिले सव्वीस म्हणजे महिन्याला साधारण साडेपंधरा हजार. त्यात मुंबईच्या फेऱ्या, पंचवटी एक्स्प्रेसचा पास, राहणं, फोन, सगळं तिचंच. करारात प्रवास आणि मुक्कामाचा खर्च निर्माता करेल असं लिहिलंय का? नसेल तर ते आधी लिहून घ्या.

आणि या सव्वीस महिन्यांत तिला दुसरं काम जवळजवळ घेता येत नाही. कॅमेरामन शूटिंगचा महिना देतो आणि पुढच्या कामाला जातो. नटाचे बारा-पंधरा दिवस. मेकअपमन, आर्ट डायरेक्टर, सगळे आपापले दिवस भरून मोकळे होतात. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दिग्दर्शक एकटा राहतो. म्हणून दिग्दर्शकाचा आकडा मोठा दिसतो, पण दिवसांनी भागला की सेटवरच्या कितीतरी जणांपेक्षा तो कमी निघतो. पहिल्या चित्रपटाला तर बहुतेक वेळा निघतोच.

अंबडचा_फिटर

साडेपंधरा हजार! आमच्याकडे जॉब वर्कचा दर ठरवताना सेटिंगचा, म्हणजे मशीन लावून तयार करण्याचा वेळ धरला नाही तर धंदा बुडतो, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. इथे लिहिण्याचे १४ महिने म्हणजे सेटिंगचा वेळच झाला, आणि तो कोणी धरलाच नाही. प्रवास-मुक्कामाचं करारात एक अक्षर नाही.

पहिला_खेळ

शंभर कोटींचा विषय निघालाच आहे तर तिकिटाचं सांगतो. माझ्या वडिलांनी आणि मी मिळून चाळीस वर्षं थिएटर सांभाळलं. आता ते बंद झालं. पडद्याचं कापड उतरवताना मी तिथे उभा होतो.

आज २०० रुपयांचं तिकीट घ्या. १८ टक्के जीएसटी त्याच्या पोटात असतो, म्हणजे साधारण ३० रुपये ५० पैसे सरकारचे. उरले १६९ रुपये ५० पैसे. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्स त्यातले साधारण अर्धे ठेवतं. हे प्रमाण आलं २००९ साली. हिंदीच्या निर्मात्यांनी दोन महिने मल्टिप्लेक्सना नवा चित्रपट दिला नव्हता, त्यानंतर तडजोड झाली: पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे पहिल्या आठवड्यात पडद्यापलीकडे पोचतात साधारण ८५ रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन, पोस्टर-होर्डिंग-प्रमोशनचा खर्च, डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे. उरेल ते निर्मात्याचं, आणि त्यातून आधी दीड कोटी वसूल व्हायचे.

सैराटच्या वेळी जीएसटी नव्हता आणि मराठी चित्रपटाला राज्यात करमणूक कर माफ होता, त्यामुळे तो हिशोब वेगळा. पण पेपरात छापून येतो तो आकडा तिकीट खिडकीचा गल्ला असतो. निर्मात्याच्या हातात पडतं ते त्यातलं थोडं. दिग्दर्शकाच्या करारात नफ्याचा वाटा लिहिलेला नसेल तर गल्ला दहा कोटी होवो की शंभर, त्याच्या घरी ठरलेला आकडाच जातो.

मराठीची आणखी एक अडचण म्हणजे शो. दुसऱ्या आठवड्यात मोठा हिंदी चित्रपट आला की मराठीला सकाळी साडेनऊचा खेळ मिळतो. साडेनऊला चित्रपट बघायला कोण येणार? चित्रपट वाईट नसताना मी असे कितीतरी उतरवलेत, आणि अजून ते मनातून जात नाहीत.

पंचवटीची_वकील

काका, व्यवसायाने वकील आहे, मनोरंजन क्षेत्रातले करार पाहते. तुमचा पूर्ण करार इथे टाकू नका, पण जेवढं सांगितलंत त्यात मला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे "कथा, पटकथा, संवाद आणि दिग्दर्शन मिळून" हे शब्द. ही कामं दोन आहेत आणि कायद्याच्या नजरेत त्यांची किंमत अगदी वेगवेगळी आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही! चित्रपट ज्याच्या डोळ्यांनी दिसतो त्याचं नाव कायद्यात कर्ता म्हणून नाही. २०१२ च्या दुरुस्तीच्या आधी जे विधेयक आलं होतं, त्यात मुख्य दिग्दर्शकालाही निर्मात्याबरोबर सहकर्ता मानावं असा प्रस्ताव होता. अंतिम कायद्यात तो गळला. गीतकार, संगीतकार आणि पटकथा-संवाद लिहिणारे यांना मात्र त्याच दुरुस्तीने मोठा हक्क दिला. थिएटर सोडून दुसऱ्या मार्गाने त्यांच्या लिखाणाचा वापर झाला तर रॉयल्टीचा वाटा त्यांचा, आणि तो त्यांनी स्वतः सही करून सोडला तरी सुटत नाही. दिग्दर्शकाला असं काही नाही. त्याच्या हातात फक्त करारात लिहिलेलं.

म्हणून तुमच्या मुलीचा कायद्याने भक्कम भाग म्हणजे तिचं लेखन. तोच दिग्दर्शनाच्या एकरकमीत विरघळून टाकलाय. लेखनाचा करार वेगळा हवा, मोबदला वेगळा हवा, आणि पटकथा सहीच्या आधी लेखक संघटनेकडे नोंदवलेली हवी. केली नसेल तर आजच करायला सांगा.

दुसरी गोष्ट, निर्मात्याला "कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता" दिग्दर्शक बदलता येईल अशा अर्थाचं कलम आहे का बघा. नव्या दिग्दर्शकांच्या करारात ते फार वेळा सापडतं. असेल तर तिथे लिहून घ्या की बदललं तरी तोपर्यंतच्या टप्प्याचे पैसे आणि श्रेयनामावलीतलं लेखिकेचं नाव राहील.

अंबडचा_फिटर

ताई, आहे. कलम ११. "at the sole discretion of the Producer" असं इंग्रजीत आहे, म्हणून कळलं नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं तर ती गप्प बसली.

कॉलशीट

काका, मी नाशिकरोडची. गेली अकरा वर्षं मुंबईत मालिकांचं दिग्दर्शन करते. तुमच्या मुलीच्या जागी मीही होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मानधन कशावर ठरतं ते. चॅनलला किंवा ओटीटीला चित्रपट विकायला निर्माता जातो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "कोण आहे यात?" तो प्रश्न नटाबद्दल असतो. मराठीत ज्यांच्या नुसत्या नावावर प्रेक्षक तिकीट काढतो असे दिग्दर्शक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून बजेटमधला मोठा घास चेहऱ्याकडे जातो आणि दिग्दर्शकाला उरलेल्यातून. तुमच्या मुलीचे चार लाख म्हणजे दीड कोटीच्या अडीच टक्क्यांच्या थोडे वर, तेही लेखन धरून. चित्रपट चालला किंवा महोत्सवांत गाजला की दुसऱ्या वेळी आकडा वाढतो. पण वाढतो तो मागच्या चित्रपटाच्या धंद्यावर. तुम्ही किती चांगलं काम केलंत यावर नाही. ठरल्या दिवसांत आणि ठरल्या पैशांत चित्रपट पूर्ण केला, ही ख्याती मात्र नक्की कामाला येते. निर्माते एकमेकांना फोन करून हेच विचारतात.

मालिकेत दिवसावर पैसे असतात. काम नियमित, पण पैसे नव्वद दिवसांनी. जूनमध्ये केलेलं काम ऑक्टोबरच्या भाड्याला उपयोगी पडतं. मालिका अचानक बंद झाली की तीन महिन्यांचं येणं लटकतं. जाहिरातीत एका दिवसाला मालिकेच्या आठवड्याइतके मिळू शकतात. म्हणून चित्रपट करणारे कित्येक चांगले दिग्दर्शक वर्षभर जाहिराती करून घर चालवतात आणि दोन-तीन वर्षांतून एक चित्रपट करतात. दिग्दर्शकाची कमाई म्हणजे चित्रपटाचं मानधन असं समजू नका. या सगळ्याची मिळून ती बनते.

आता माझं. माझ्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव चित्रपटाच्या करारात शेवटचा हप्ता "प्रदर्शनानंतर" असाच होता, एकूण मानधनाच्या निम्मा. चित्रपट तयार झाला, सेन्सॉर झाला. मग निर्मात्याचे भागीदाराशी वाद झाले. चित्रपट आज सात वर्षं एका हार्ड डिस्कमध्ये आहे. त्या काळ्या डिस्कवर मी स्वतः पांढऱ्या पट्टीवर नाव लिहून चिकटवलं होतं. प्रदर्शन नाही म्हणून हप्ता नाही. मी वकिलाकडे गेले तर ते म्हणाले, करारात अटच अशी आहे, काय मागणार?

कृपा करून ते दोन लाख "प्रदर्शनानंतर" ठेवू नका. मराठीत तयार होऊन न लागलेले चित्रपट फार आहेत. शेवटचा हप्ता डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची अंतिम डिजिटल प्रत, निघायच्या आधी घ्यायचा. फायनल मिक्स आणि डीआय दिग्दर्शकाने मंजूर केल्यावर, आणि डीसीपी लॅबमधून बाहेर पडण्यापूर्वी. त्यानंतर दिग्दर्शकाच्या हातात काही उरत नाही.

कॉलेजरोडकर

ताई, वाचून वाईट वाटलं. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. काका, थांबा.

त्र्यंबकवासी

या विषयावर नाशिककराने दादासाहेब फाळक्यांची आठवण काढल्याशिवाय कसं चालेल? आमच्या त्र्यंबकलाच १८७० साली जन्मले. राजा हरिश्चंद्रसाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शूटिंगच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच केला. १९१३ साली चित्रपट लागला तेव्हा दादासाहेब त्याचे निर्माते, दिग्दर्शक, लेखक, सगळं होते. म्हणून आलेला पैसा त्यांचा होता. त्याच वर्षी ते नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथेच केले.

पुढे १९१८ मध्ये भांडवलदारांना भागीदार घेऊन हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून खटके उडाले, दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले. १९२२ मध्ये परत आले ते महिना हजार रुपये पगारावर. म्हणजे ज्या माणसाने हा धंदा या देशात सुरू केला, तो त्याच गावात, त्याच कंपनीत आधी मालक होता आणि नंतर पगारी. १९४४ साली नाशिकलाच गेले.

पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारकात शाळेच्या सहली येतात तेव्हा मुलांना पहिला चित्रपट किती साली एवढंच सांगतात. हा मालकी आणि पगाराचा भाग कोणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वकीलताईंनी कायद्याबद्दल लिहिलं ते वाचताना हेच डोक्यात होतं.

परदेशी_नाशिककर

सिडकोत वाढलो, आता कॅलिफोर्नियात असतो. माझा घरमालक टीव्ही मालिकांत असिस्टंट डायरेक्टर होता, त्याच्याकडून बरंच ऐकलंय. इथे १९३६ पासून दिग्दर्शकांची संघटना आहे, डीजीए. तिने किमान दर ठरवलेत. मोठ्या बजेटच्या चित्रपटाला दिग्दर्शकाला आठवड्याला वीस हजार डॉलरच्या वर आणि किमान दहा आठवड्यांची हमी. चित्रपट नंतर टीव्हीवर, डिस्कवर, स्ट्रीमिंगवर गेला की 'रेसिड्युअल' म्हणून वेगळे पैसे येत राहतात. माझ्या घरमालकाला निवृत्तीनंतरही संघटनेचा पेन्शन आणि आरोग्य विमा आहे. आपल्याकडेही मुंबईत दिग्दर्शकांची संघटना आहे, मराठीत कोल्हापूरचं चित्रपट महामंडळ आहे. पण सगळ्यांनी पाळावाच असा किमान दर आणि रेसिड्युअल आपल्याकडे दिग्दर्शकाला नाही.

आणखी एक. जॉर्ज लुकासने १९७७ च्या स्टार वॉर्ससाठी लेखन आणि दिग्दर्शन मिळून दीड लाख डॉलर घेतले. जास्त मागण्याऐवजी त्याने पुढच्या भागांचे आणि खेळण्यांसारख्या वस्तूंचे हक्क स्वतःकडे ठेवले. त्याची खरी श्रीमंती तिथून आली. हे हक्क मागताना स्टुडिओला ते फारसे मोलाचे वाटले नव्हते. पहिल्या करारात आकडा वाढत नसेल तर हक्क मागावा, एवढंच.

निफाडचा_बागायतदार

सगळे दिग्दर्शकाच्या बाजूने लिहिताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पाच वर्षांपूर्वी द्राक्षाच्या निर्यातीतून आलेले पैसे एका मराठी चित्रपटात घातले. नव्वद लाख. परत आले बावीस. दिग्दर्शकाचे पैसे मी पूर्ण दिले, कारण त्याने रात्रंदिवस काम केलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मला कोणी दिले नाहीत. सॅटेलाइटला, म्हणजे टीव्ही चॅनलला विकायला गेलो तर सांगितलं, नट ओळखीचे नाहीत. निर्माता दर वेळी लबाडीनेच हप्ता मागे ठेवतो असं नाही. बऱ्याचदा प्रदर्शनापर्यंत त्याच्याकडेच पैसे उरलेले नसतात.

काकांना एक मार्ग सुचवतो. राज्य सरकारचं मराठी चित्रपटांसाठी अनुदान आहे. समिती चित्रपट पाहून गुण देते, माझ्या वेळी 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख होते. हे पैसे निर्मात्याच्या नावावर येतात, उशिरा येतात, पण येतात. मला 'ब' मिळाला. बावीस लाखांव्यतिरिक्त जे काही हाती आलं ते तेवढंच. आणि तो दर्जा माझ्यामुळे मिळाला नाही, चित्रपट चांगला होता म्हणून मिळाला. आता वाटतं त्यातला काही भाग दिग्दर्शकाला द्यायला हवा होता. करारात नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. तुम्ही अनुदानातला दहा टक्के वाटा मागून बघा. निर्मात्याच्या खिशातून आज काही जात नाही, त्यामुळे तो नाही म्हणायची शक्यता कमी. नफ्याचा वाटा मागितलात तर तो लगेच हो म्हणेल, कारण नफा दाखवायचा की नाही ते त्याच्या हातात असतं. अनुदानाची रक्कम मात्र सरकारी कागदावर असते, ती लपत नाही.

कॉलशीट

दादा, मनापासून लिहिलंत. अनुदानाचा मुद्दा माझ्याही डोक्यात कधी आला नव्हता. मी पुढच्या करारात घालणार.

ताळेबंद

सीए आहे, नाशिकमध्येच. हातात नक्की किती पडेल ते सांगतो, थोडक्यात. दिग्दर्शनाची फी ही व्यावसायिक फी आहे, निर्माता त्यातून १० टक्के टीडीएस कापेल. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, बुडत नाही. वर्षाची एकूण जमा २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकरात 'फिल्म आर्टिस्ट' या व्याख्येत दिग्दर्शक आणि असिस्टंट दिग्दर्शक दोघेही येतात, त्यामुळे जमेच्या ५० टक्के उत्पन्न गृहीत धरून कर भरण्याची सोय आहे, सगळी बिलं सांभाळावी लागत नाहीत. असिस्टंट असतानाचे टीडीएस कापलेले पैसे तिने परत मागितलेत का, हे नक्की विचारा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मुलांनी ते मागितलेलेच नसतात.

क्लॅप_ते_फर्स्ट

वरचं सगळं वाचून काका, मी तुमच्या जागी असतो तर शुक्रवारी इतकंच मागितलं असतं: लेखन वेगळं, शेवटचा हप्ता डीसीपीच्या आधी, कलम ११ दुरुस्त, प्रवास-मुक्काम निर्मात्याचा, अनुदानात वाटा. आकडा थोडा कमी-जास्त झाला तर त्यावर अडून बसू नका. बोलणी मात्र मुलीनेच करावी. सेटवर तिलाच दीडशे माणसांना आवाज द्यायचा आहे, निर्मात्यालाही तो आधी ऐकू येऊ दे.

अंबडचा_फिटर

मंडळी, काल शुक्रवार होता. सविस्तर सांगतो.

गंगापूर रोडवर निर्मात्यांच्या ऑफिसात गेलो. मी बोलायचं नाही असं घरीच ठरलं होतं. मुलीने तुमचे सगळे मुद्दे वहीत लिहून नेले होते. पहिल्यांदा ती महिन्यांबद्दल बोलली. सव्वीस महिन्यांचा तक्ता तिने एका पानावर काढला होता, कोणत्या महिन्यात काय काम. साहेबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. मला वाटलं शूटिंगचं महिनाभराचं काम." वकिलाकडून मागवलेला तयार मसुदा होता, त्यांनीही नीट वाचला नव्हता.

ठरलं असं. लेखनाचा करार वेगळा, दीड लाख, सहीच्या दिवशी पूर्ण. दिग्दर्शनाचे चार लाख, चार हप्त्यांत: तयारी सुरू होताना एक, शूटिंगच्या पहिल्या दिवशी एक, शूटिंग संपल्यावर एक, डीसीपीच्या आधी एक. कलम ११ मध्ये झालेल्या कामाचे पैसे आणि लेखिकेचं नाव कायम राहील हे घातलं. प्रवास-मुक्काम त्यांचा. अनुदान मिळालं तर दहा टक्के तिचे. हे ऐकून ते जरा थांबले आणि म्हणाले, "मिळालं तर तुझ्यामुळेच मिळेल, लिही." नफ्याच्या वाट्याला मात्र नाही म्हणाले. रिमेकचे हक्क विकले तर कथेचे पैसे वेगळे द्यायचे कबूल केलं.

नव्या मसुद्यावर पंचवटीची_वकील ताईंनी नजर टाकावी अशी विनंती आहे, फी सांगा. ताळेबंद साहेब, तुम्ही म्हणालात तेच निघालं. तीन वर्षांचा टीडीएस तिने मागितलेलाच नव्हता, सोमवारी तुम्हाला भेटायला येते.

घरी येताना ती रिक्षात काही बोलली नाही. द्वारकेच्या सिग्नलला म्हणाली, "बाबा, तुम्ही ओव्हरटाइमचं कार्ड घरी आणून आईला दाखवायचात ना, मला तेच आठवत होतं." तिच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी अंजनेरीला पहिली रेकी आहे. मीही जाणार आहे, डबा घेऊन.

पंचवटीची_वकील

मसुदा पाठवा, फीचं नंतर बघू. "डीसीपीच्या आधी" याची व्याख्या कलमातच हवी: अंतिम मिक्स आणि डीआयला दिग्दर्शिकेची लेखी मंजुरी, आणि त्यानंतर सात दिवसांत हप्ता. नाहीतर उद्या "आधी" कोणत्या दिवसाच्या, यावरूनच वाद होईल.

त्र्यंबकवासी

काका, अंजनेरीचा डोंगर वनखात्याच्या हद्दीत येतो. नुसतं बघायला गेलात तर प्रश्न नाही, पण शूटिंगसाठी परवानगीचा अर्ज आधीच टाकावा लागेल, त्याला वेळ लागतो. आणि आता पाऊस आहे, पायऱ्या निसरड्या असतात. सकाळी सातच्या आत पायथ्याशी पोचा, नऊनंतर धुक्यात समोरचं काही दिसत नाही.